बिनतोंडाचा बडग्या

नाल्याला लाल पाणी यायला लागून दोन पावसाळे झाले होते आणि भिवखेडीच्या लोकांनी त्याची सवय करून घेतली होती. माणूस कशाचीही सवय करून घेतो. नवऱ्याच्या घोरण्याची करतो, सासूच्या टोमण्यांची करतो, मग नाल्याची का नाही? सवय होईना ती फक्त कौशल्येच्या हातांना.

बुरुडाचं काम पाण्याशिवाय होत नाही. बांबू चिरायचा, त्याच्या पातळ कामट्या काढायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, तेव्हा कुठे त्या सुपाला-टोपलीला वळतात. कौशल्या लग्न होऊन आली तेव्हापासून कामट्या नाल्यातच भिजवत आली होती. आता नाल्यात हात घातला की बोटांच्या पेरांना भेगा पडत. रात्री ती त्यांत एरंडेल भरी आणि सकाळी पुन्हा तेच पाणी. हळद झोंबे, मीठ झोंबे, एवढंच काय, पोळीला लावलेलं तिखटही झोंबे. आणि कामट्या निघायच्या त्या तांबूस डाग घेऊन.

पोळ्याला पंधरा दिवस असताना ती बारा सुपं डोक्यावर घेऊन शहरात लकडगंजच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. त्यानं एक सूप उचललं, उजेडाकडे धरलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाई, हे सूप होळी खेळून आलं काय?" सगळे हसले. सूप पांढरंशुभ्र लागतं. लग्नात, बारशात, महालक्ष्म्यांत डागाळलेलं सूप कोण घेणार? कौशल्येनं बाराच्या बारा सुपं पुन्हा डोक्यावर चढवली आणि वाडीच्या बसमध्ये बसली.

लाल पाणी कुठून येतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे, गावाच्या शिवेला लागून सूत रंगवायचा कारखाना झाला होता. गावातले वीस गडी तिथे कामाला. त्यांच्यात कौशल्येचा दीर देवाजीही होता. त्याला खाकी कपडे मिळाले होते, सायकल झाली होती. त्याचं काम एकच: रंगाच्या टाक्या रिकाम्या करायच्या वेळी नळ सोडायचा. घरात त्याच्या पगाराचा आधार होता, हे कौशल्या कधी विसरली नाही. सासूबाई जिजाबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन देवाजीनंच करून आणलं होतं.

"भाऊजी," तिनं एकदा जेवताना विषय काढला, "सायबाले सांगून पाहा ना. पानी असं नाल्यात सोडू नका म्हणा."

देवाजी ताटातच पाहत म्हणाला, "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासे राह्यले कुठं आता नाल्यात?"

नवरा शालिकराम तोंडात घास तसाच ठेवून थांबला. देवाजीनं हात धुतले आणि उठून गेला.

कौशल्येला खरी भीती नाल्याची नव्हती. नाला गेला तो गेला. भीती होती विहिरीची. बुरुडांच्या दहा घरांची ती एकच विहीर, नाल्यापासून दोनशे पावलांवर. महिन्याभरापासून तिला पाणी जिभेवर वेगळं लागत होतं. सरपंच मारोतराव पाटलांना तिनं सांगितलं, तर ते हसले. "अवं, मधात सारी काळी माती हाय. विहिरीले काय होते? तुह्या हातापायी तुले सारंच लाल दिसून राह्यलं." कारखान्याविरुद्ध बोलायला पाटील नाखूश होते आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? वीस घरांत तिथून पगार येत होता.

पोळ्याच्या आधी आठ दिवस पाटील चार माणसांसह शालिकरामच्या अंगणात येऊन बसले. दरवर्षीचं काम होतं, बडग्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव बडग्या काढतं. वर्षभरात ज्यानं गावाला छळलं त्याचं सोंग करायचं: कधी डास, कधी देवीची साथ, कधी लाचखाऊ शिपाई. बांबूचा माणसाहून मोठा सांगाडा, वर कागद, गळ्यात पाटी आणि ओळखू येईल असं तोंड. वाजतगाजत शिवेवर न्यायचा, जाळायचा आणि मागे न पाहता घरी यायचं. भिवखेडीचा सांगाडा शालिकरामच्याच हातचा. त्याचे बडग्ये पाहायला वाडीचे लोक येत.

"औंदा महागाई," पाटील म्हणाले.

सगळ्यांनी माना हलवल्या. महागाईला कुणाची ना नसते.

कौशल्या दाराआडून म्हणाली, "पाटील, औंदा नाल्याचा बडग्या करा ना."

"नाल्याले तोंड असते काय वं?" पाटलांनी विचारलं. "बडग्याले तोंड पाह्यजे. बिनतोंडाचा बडग्या कोन जाळीन?"

पाटलांबरोबर आलेल्यांतला एक जण मांडी थोपटत म्हणाला, "तोंड काहून नाई? नळ कोन सोडते? त्याचंच तोंड लावा! खाकी कपडे बी घरचेच हायेत!"

हशा पिकला. हसता हसता एकेकाचं लक्ष फाटकाकडे गेलं आणि हसू विरत गेलं. देवाजी सायकल धरून तिथे उभा होता. किती वेळचा, कुणास ठाऊक. त्यानं सायकल तशीच वळवली. त्या दिवसापासून तो घरी आला नाही. कारखान्याच्या शेडमध्ये झोपतो, असा निरोप आला.

जिजाबाई सुनेवर जाम भडकल्या. "तुह्या जिभेपायी माहं लेकरू घराबाहेर गेलं," असं त्यांनी अख्ख्या वस्तीला ऐकवलं आणि दोन दिवस सुनेच्या हातचा चहा घेतला नाही.

कौशल्या रडली. पण रडून झाल्यावर तिनं कोयता घेतला. तिचा स्वभावच तसा. दुःख झालं की हाताला काम लागायचं. तिनं अंगणातला सगळ्यात सरळ बांबू निवडला, त्याच्या पांढऱ्या कामट्या काढल्या आणि चार जुड्या बांधल्या. एक कारखान्याच्या वर, जिथे नाला अजून निर्मळ होता तिथे दगडाखाली दाबली. दुसरी नळाच्या तोंडाखाली, तिसरी पुलाशी, चौथी वस्तीच्या घाटावर. तीन दिवस भिजू दिल्या आणि मग दोरीवर वाळत घातल्या. पहिली दुधासारखी राहिली. दुसरी लाल झाली ती अशी की हात लावू नये. तिसरी तिच्याहून थोडी फिकी आणि चौथी विटकरी.

शालिकराम दोरीसमोर येऊन उभा राहिला. तो मुळात कमी बोलणारा. "रंग नाई लावला ना वं?" एवढंच त्यानं विचारलं.

"बाजारातून टिकलीएवढा बी नाई आनला. जो हाय तो नाल्याचा."

मग ती विणायला बसली. पायाशी वरच्या पाण्यातल्या पांढऱ्या कामट्या, गुडघ्यांपासून लाल, पोटाशी फिकी, छातीला विटकरी. नाला जसा वाहतो तसा बडग्या वर चढत गेला. कागद नाही, पाटी नाही. मागच्या परसात ती हे करत होती आणि पुढच्या अंगणात शालिकराम पाटलांच्या महागाईचा सांगाडा बांधत होता. त्याचं अर्धं लक्ष इकडेच असे.

तिसऱ्या दिवशी जिजाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. मग त्यांनी कामट्यांची टोकं धरून द्यायला सुरुवात केली, जशी त्या सुनेला शिकवताना धरत.

"मले बी महिन्याभरापासून पानी कडू लागून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हातारपनाची जीभ, म्हून बोलली नाई."

कौशल्येचे डोळे भरून आले. आठ दिवसांत तिच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं माणूस, आणि ते कोण, तर सासू! तिनं सासूच्या पायांना हात लावला. "काम कर, काम कर," जिजाबाई म्हणाल्या.

"आन् तोंड कोनाचं?" शालिकरामनं विचारलं.

"कोनाचंच नाई. डोकं विहिरीच्या पान्यातल्या कामट्यांचं करते, पांढरं. लोकाईले दिसू दे, काय वाचवायचं राह्यलं ते."

म्हणून पाचवी जुडी तिनं विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या रांजणात घातली. विहीर अजून चांगली असेल, या आशेला ती घट्ट धरून होती. पाटील हसले होते, पण पाटलांचंच खरं ठरावं असं तिला आतून वाटत होतं.

पोळ्याच्या दिवशी शेतकरी धोंडबा आपला हंसा नावाचा पांढराशुभ्र बैल घेऊन नाल्यावर गेला. पोळ्याला बैल नाल्यावर धुवायचा, ही रीत. आजानं धुतला, बापानं धुतला, म्हणून त्यानंही धुतला. चांगला घासून, चोळून. घरी आणून अंग वाळलं, तर हंसा पोटापर्यंत गुलाबी! शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात नवी घंटा आणि खाली गुलाबी पाय. तोरणाखाली बैलांची रांग लागली तेव्हा लोक हसून हसून खाली बसले. कुणी म्हणालं, "धोंडबा, नवरी आनली काय गा?" धोंडबानं हंसाची रस्सी धरली आणि तोरण तुटायच्या आधीच बैल घेऊन घरी गेला. ज्या बैलाच्या जिवावर वर्ष काढायचं, त्याची अशी थट्टा त्यानं कधी पाहिली नव्हती.

दिवे लागायच्या वेळी तो बुरुडांच्या वस्तीत आला. परसातला बडग्या त्यानं पायापासून छातीपर्यंत पाहिला. पोटाच्या फिक्या लाल कामटीवर बोट फिरवलं.

"हाच न्यायचा," तो म्हणाला. "पहिला खांदा माहा."

"पन पाटलाइची महागाई?" शालिकरामनं विचारलं.

"महागाई कुठं जाते गा? पुढच्या साली बी इथंच राहीन!"

धोंडबा पाटलांकडे गेला, काय बोलला ते त्यालाच ठाऊक. पाटलांचा निरोप आला: न्या म्हणाव, पण गेटसमोर गडबड नको. कौशल्येनं घाईघाईनं रांजणातली पाचवी जुडी काढली आणि ओल्या कामट्यांनीच डोकं विणून टाकलं. गोल, कोरं, डोळे नाहीत, मिशा नाहीत. ओलं असताना ते पांढरंच दिसत होतं. तिनं समाधानानं श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन चटके देणारं पडलं. डफ वाजू लागला आणि बडग्याची जोडीण मारबत हिच्या नावानं दरवर्षीच्या आरोळ्या सुरू झाल्या. "खोकला, खरूज घेऊन जाय गे मारबत! माशा, मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" बिनतोंडाचा बडग्या पाहून आधी लोक बुचकळ्यात पडले. मग धोंडबानंच रंग समजावून सांगितले: हा पाय वरच्या पान्याचा, ही मांडी नळाखालची, ही छाती आपल्या घाटावरची. लोक जवळ येऊन बोटं लावून पाहू लागले. बायका एरवी वेशीपर्यंतच जातात. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत.

मैलभर वाट होती. अर्ध्या वाटेवर छत्री धरून मागून चालणाऱ्या पाटलांनी हाक मारली.

"शालिकराम, डोक्याले रंग कवा लावला गा?"

"नाई लावला, पाटील."

"मंग हे पाहा ना!"

कौशल्येनं वर पाहिलं. ओल्या कामटीवर फिका रंग दिसत नाही, तो कामटी वाळली की वर येतो. बुरुडाच्या घरात हे चार वर्षांच्या पोरीलाही सांगावं लागत नाही. आणि घाईत नेमकं तेच तिच्या ध्यानातून गेलं होतं. ऊन चढत गेलं तसं बडग्याचं कोरं डोकं सगळ्यांच्या देखत तांबूस होत गेलं होतं. आधी उन्हाची बाजू, मग कपाळ, मग सगळंच.

डफ थांबला.

"कौशल्ये," पाटील पुढे आले. "डोकं कोनत्या पान्याचं वं?"

"विहिरीच्या," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

ते पाणी सकाळीच सगळी वस्ती पिऊन आली होती. जिजाबाईंनी सुनेचा हात धरला. मग धोंडबानं खांदा सरळ केला आणि लोक पुन्हा चालू लागले, पण आता ओरडत नव्हते. नुसता पायांचा आवाज येत होता.

शीव म्हणजे आता कारखान्याचं गेट. आत कामगार गोळा झाले होते. खिडकीत साहेब उभा होता. देवाजी गेटच्या गजांमागे होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. बडग्या जवळ आला तसा तो त्याच्या डोक्याकडे पाहू लागला. पाहतच राहिला. मग त्यानं गजांबाहेरच्या एका माणसाला काहीतरी विचारलं आणि त्या माणसानं विहिरीच्या दिशेनं हात केला.

देवाजीनं कडी काढली आणि बाहेर आला. आतून साहेबाची हाक आली, "देवाजी!" त्यानं मागे पाहिलं नाही. धोंडबाच्या बाजूला जाऊन त्यानं बडग्याखाली खांदा दिला.

"दादा," तो शालिकरामला म्हणाला, पण ऐकत सगळे होते. "पावसाचं पानी असलं का टाकी नाल्यात सोडतो. पाऊस नसला का नाई सोडत. तवा जमिनीखालून पाइप हाय, जुन्या मुरमाच्या खदानीत. लोकाईले दिसू नये म्हून. ते खदान विहिरीच्या वरच्या अंगाले हाय. मीच सोडतो. सायबानं सांगतलं, मी सोडलं. विहिरीत उतरीन असं नोतं वाटलं." त्यानं खदानीकडे पाऊल उचललं. "चाला, दाखोतो."

ती खदान बेशरमाच्या झुडपांनी झाकलेली होती. सगळ्यांना वाटे, पावसाचं पाणी साचलंय. झुडपं बाजूला केली तर आत रक्तासारखं दाट पाणी होतं. मारोतराव पाटलांनी छत्री मिटली आणि काठावर बसले. "मी त्या पोरीले हसलो," एवढंच ते म्हणाले.

बडग्या जाळला नाही. पाटलांनीच सांगितलं, "उभा ठेवा गेटासमोर. रस्त्यानं जानाऱ्याले पाहू द्या." पहिल्यांदाच रीत मोडली आणि ती पाटलांनी मोडली. अमरावती रोडवरचे ट्रक थांबत, ड्रायव्हर उतरून विचारत, बसमधले लोक खिडकीतून माना काढत. शहरातून सीताबर्डीचा एक फोटोग्राफर आला आणि दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात बिनतोंडाच्या बडग्याचा फोटो छापून आला. मग बाटल्या घेऊन सरकारी माणसं आली. एकदा आली, दोनदा आली. दिवाळीपर्यंत खदानीतला पाइप उखडला गेला होता आणि कारखान्याच्या आवारात सिमेंटच्या टाक्या बांधायला सुरुवात झाली होती. नाला लगेच पांढरा झाला नाही. एवढं भलं जगात कुठे होतं? पण पुलाखालचा रंग उतरू लागला.

विहीर मात्र गावानं उपसली. तीन दिवस, सगळी घरं. जे कधी बुरुडांच्या वस्तीत पाणी प्यायले नव्हते तेही दोरीला लागले. मोटेमागून मोट तळाचं तांबूस पाणी निघालं, मग गढूळ, मग पुन्हा झरा फुटला. तरी पहिले दोन महिने ते पाणी कुणी प्यायचं नाही असं ठरलं. त्या दोन महिन्यांत धोंडबा रोज सकाळी हंसाला जुंपून स्वतःच्या शेतातल्या विहिरीचं पिंप बुरुडांच्या दारात आणून उभं करी. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कौशल्या रोज हंसाच्या कपाळाला हात लावी आणि गूळ देई. तिला वाटे, कुणाकुणाचे उपकार मोजावे? पाटलांचे, धोंडबाचे, सासूचे, तीन दिवस दोरी ओढून ज्यांच्या हातांना फोड आले त्यांचे. ज्या गावावर आपण रुसलो होतो त्याच गावानं आपल्याला उचलून धरलं, या विचारानं काम करता करता तिच्या डोळ्यांत पाणी येई.

देवाजीची नोकरी त्याच दिवशी गेली. खाकी कपडे परत मागवले, तेही त्यानं धुऊन दिले. आता तो भावाजवळ बसून बांबू चिरायला शिकत होता आणि फार वाईट चिरत होता. कामटी एकीकडे जाडी, एकीकडे पातळ. शालिकराम हसे, दाखवे, पुन्हा हसे.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला तेव्हा घरात कौशल्या एकटीच होती. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"वहिनी, एक सांगू?"

"सांगा ना."

"मी गेटापाशी उभा होतो ना, तवा माह्या तोंडाची वाट पाहून राह्यलो होतो. मले वाटलं, आता येते माहं तोंड बडग्यावर, खाकी टोपी घातलेलं, आन् गाव जाळते त्याले. मंग पाह्यलं, तर तोंडच नाई. मले काय वाटलं ते मले सांगता नाई येत." त्यानं भाकरी ताटात ठेवली. "काहून नाई लावलं वहिनी? साऱ्या गावाची मर्जी होती. लावलं असतं तं चूक नोती."

कौशल्या ताटात पिठलं वाढत होती. तिनं डाव खाली ठेवला.

"भाऊजी, तुमचे उपकार झाले, तुम्ही गेटाच्या बाहीर आले," ती म्हणाली. "हे मले पहिले सांगू द्या, बाकी मंग. तुमचा पगार गेला, सासूबाईच्या औषधाची सोय गेली, हे मले समजते. जलमभर इसरनार नाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् तोंडाचं इचारता? ते तोंड मले रोज या घरात, या ताटावर पाहाचं हाय. त्याले मी गावाच्या हातानं जाळू कशी?"

देवाजीनं मान खाली घातली. मग त्यानं ताट पुढे सरकवलं.

"वाढा अजून," तो म्हणाला.